थोरल्या काकूचं स्टालिनग्राड

माझी थोरली काकू देवांना अंघोळ घालताना त्यांची खरडपट्टी काढायची. बाकीच्या बायका पूजा करताना स्तोत्र म्हणतात, निदान ओठ तरी हलवतात. काकू पाटावर बसून, एकेक देव ताम्हनात घेऊन, चिंचेने घासता घासता त्याला आदल्या दिवसाचा जाब विचारायची. "खंडेराया, काल म्हशीनं लाथ का मारली रं? तुजं ध्यान कुटं व्हतं? आन बाई, तू गं? त्वांड फिरवून बसलीस. सांग की ह्याला चार शब्द." देवघरात जे बसले ते सगळे एका कुटुंबातले, आणि कुटुंबातल्यांना बोलायचा हक्क तिचा, असा तिचा साधा हिशोब होता.

हे देव म्हणजे टाक. कुळाच्या देवांचे ठसे उठवलेले चांदीचे छोटे पत्रे. आमच्यात ते थोरल्या भावाच्या घरी असतात, आणि त्यांची पूजा झाल्याशिवाय घराण्यातलं एकही लग्न लागत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, कारण माझी सगळी फजिती त्या पत्र्यांपायी झाली.

थोरलं घर लोणावळ्यात, स्टेशनकडून कुसगावला जाणाऱ्या वाटेवर. माझे वडील धाकटे, ते वराळ्याला शेती बघायचे. मला शाळेसाठी लोणावळ्याला ठेवलं होतं, आणि शाळा संपल्यावर परत न्यायचं ते विसरले. थोरले काका, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं असत, त्यांवर त्यांनी जन्म काढला. त्यामुळे जगात जे काही पुढे जातं ते कुणीतरी मागून ढकलल्यामुळेच, आणि ते ढकलणारे बहुधा आपणच, असं त्यांना वाटे. काकू बुटकी, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोलताना मिशेरीचं बोट दातांवरून काढायची नाही, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं बोटाच्या कडेने यायचं. तरी ते घरभर ऐकू जाई.

काकूचं हत्यार म्हणजे देव पाण्यात घालणं. मनातली गोष्ट होईपर्यंत देव पाण्यात बुडवून ठेवायचे, तोवर पूजा बंद, नैवेद्य बंद. दुसऱ्या घरांत हा उपाय जन्मात एखाद्या वेळी, जिवावरच्या दुखण्यात करतात. काकू वरचेवर करायची. म्हैस हरवली, देव पाण्यात. संध्याकाळी म्हैस दारात. दत्तू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. त्याची परीक्षा आली, देव पाण्यात, दत्तू नापास. तेव्हा तिने देव बाहेर काढले, पुसले आणि त्यांना म्हणाली, "तुमचा दोष न्हाई. त्यानं पुस्तक तरी उघडायचं." मी एकदा विचारलं, "काकू, देवांना असं बुडवलेलं चालतं का गं?" तर म्हणाली, "गुदमरल्याबिगर त्यांना आपली आठवण येत न्हाई. तू आंगुळीला गेलीस की कशी सगळ्यांना हाका मारतीस? साबण द्या, पंचा द्या. तसंच."

दत्तू पुढे पलटणीत गेला, तोही आबांशी भांडून. आबांचं म्हणणं, इंग्रजांची चाकरी करू नये. हे ते सांगत होते, जे पेन्शन आणायला इस्त्रीचा कोट घालून जायचे आणि परत आल्यावर कोट काढायच्या आधी इंग्रजांना शिव्या द्यायचे. दत्तूला इराणात नेल्याचं कळलं होतं. आबांच्या मते ते काही लढाईचं ठिकाण नव्हतं. नुसतं वाळवंट आणि तेल.

लढाईत आबा जर्मनांच्या बाजूला होते. आमच्या आळीतले बरेचसे पेन्शनर तसेच होते. त्यात जर्मनांचं प्रेम कमी, आपल्या साहेबाला कुणीतरी ठोकतोय याचं सुख जास्त. जर्मन ज्या गावांत शिरत होते तिथे काय करत होते, याची चौकशी कुणी केली नाही. लांबच्या माणसाच्या हातून शेजाऱ्याला मार बसला की तो लांबचा माणूस सज्जनच वाटतो.

बेचाळीस सालचा पाऊस सरत आला तेव्हा पेपरात एका शहराचं नाव रोज येऊ लागलं. स्टालिनग्राड. आबांनी माझा शाळेचा नकाशा मागून घेतला. तो नकाशा माझ्याआधी वराळ्याच्या दोन-तीन मुली शिकवून झिजलेला. त्यात ते शहर त्या नावाने नव्हतंच. आबा हटले नाहीत. त्यांनी पेन्सिल थुंकीने ओली केली, एक टिंब काढलं आणि स्वतःच्या हाताने तिथे शहर वसवलं. पुढे मला कळलं की आबांचं शहर थेट समुद्रात होतं.

"हे बघ शके," चहाची बशी खाली ठेवून ते मला म्हणाले, "हे एकदा पडलं की जर्मन सरळ खाली. मधे कोण? कोणी नाही. खाली इराण. इराणात तेल. तेल गेलं की इंग्रजाचं इंजिन घाटात बंद. लाईन क्लिअर!"

काकू चुलीशी होती. तिने विचारलं, "खाली म्हंजी कुटं?"

"इराणात."

"इराणात दत्तू हाय."

आबांचं बोट टिंबावरच राहिलं. मला वाटतं, तोवर त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. मग घसा साफ करून म्हणाले, "आपल्या माणसांना जर्मन काही करत नाही."

"तुमाला सांगितलं त्यानं?"

"पेपरात तसं येतं."

"पेपरात दत्तूचं नाव हाय?"

आबांनी चहा संपवला. काकूने हात धुतले, माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ काढलं, विहिरीचं पाणी भरलं आणि देवघरातला एकेक टाक उचलून त्यात सोडला. "ते गाव पडायचं न्हाई," ती देवांना म्हणाली. "ध्यानात ठेवा. गाव पडलं तर तुमीबी हितंच." काकूच्या हिशोबी जगात सगळी गावंच होती. मुंबईसुद्धा गावच, फक्त लोकांना तिथे घर सापडत नाही एवढंच.

त्या वेळी मी घरातच होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी त्याचा माझ्याशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. कारण माझं डोकं त्या दिवसांत सुदुंबऱ्याला गेलेलं होतं. आठवड्यापूर्वीच माझं लग्न तिथल्या एका घरात ठरलं होतं. पाहुणे पाहायला आले तेव्हा मी रिवाजाप्रमाणे मान खाली घालून पोह्यांच्या बशा फिरवल्या. मान खाली असल्यामुळे मला फक्त पाय दिसले. त्यांतली एक जोडी माझ्या मनात भरली. उभट, नितळ, नखं कापलेली. शेतकऱ्याच्या घरात असे पाय! मी मनातल्या मनात त्या पायांना माळ घालून मोकळी झाले. संध्याकाळी परसात विहिरीपाशी भांडी घासताना मी उखाणे जुळवायची, आणि प्रत्येक उखाण्यात नवऱ्याच्या नावाऐवजी चंद्र, सूर्य, पारिजातक असलं काहीबाही यायचं. आत्ता माझी नात असं काही करताना दिसली तर मी तिला डॉक्टरकडे नेईन.

लग्न मार्गशीर्षात धरायचं होतं. लग्नाला टाक हवेत, टाक पाण्यात आहेत, आणि पाण्यातून ते तेव्हाच बाहेर येणार जेव्हा व्होल्गेच्या काठचं ते शहर सुटेल, ही साखळी माझ्या डोक्यात जुळली तेव्हा मी धावत जाऊन घंगाळात डोकावले.

तिथून पुढे घरात तीन बाजू झाल्या. आबा जर्मनांकडून, काकू दत्तूकडून, आणि मी लग्नाकडून. खरं सांगायचं तर ते शहर पडलं काय नि राहिलं काय, मला सारखंच होतं. मला ते लवकर हवं होतं. पण पडलं तर देव बाहेर निघत नाहीत, म्हणून मी नाइलाजाने रशियनांना जाऊन मिळाले. त्यांना माझ्याइतकी उतावळी मदतनीस दुसरी लाभली नसेल. पेपर गाडीवरून आला की मी आधी झडप घालायची. अमक्या कारखान्यासाठी लढाई चालू आहे, असं वाचलं की माझं डोकं फिरे. इकडे शालूला घडीच्या जागी चिरा पडायची वेळ आली, आणि हे लोक एका कारखान्यात आठवडा घालवतात! एकेका घरासाठी, एकेका जिन्यासाठी माणसं मरतायत, असं छापून यायचं. मी ते वाचायची आणि मनात म्हणायची, द्या की जिना सोडून, पुढच्या घरात जा.

नवरात्र आलं. घट बसवायचे तर देव पाण्यात. आळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. एकीने धीर करून विचारलं, "काकू, अवो, यंदा देव बसवायचं न्हाईत का?"

"बसल्यात की," काकू म्हणाली. "पाण्यात बसल्यात."

दसरा असाच गेला. दिवाळीत काकूने चकल्यांऐवजी तिखटमिठाच्या पुऱ्यांची पाटी भरली आणि मला घेऊन स्टेशनवर गेली. मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या घाटाआधी ब्रेक तपासायला लोणावळ्याला थांबत. त्यांत पलटणीच्याही असत. मी जरीकाठी लुगडं नेसून, केसांत शेवंती माळून निघाले, जशी काही ती पलटण सरकारने मला पाहायला पाठवली होती. खिडक्यांतून बाहेर आलेल्या सगळ्या माना पाटीकडे वळल्या. माझ्याकडे फक्त एकाने पाहिलं, आणि तोही म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा, पाटी दिसत न्हाई."

काकूने त्याच्याच हातावर पुऱ्या ठेवल्या. "कुटल्या गावचा रं?"

"साताऱ्याकडचा, मावशी."

"कुटं निघालास?"

"सांगायची बंदी हाय."

"इराणात?"

पोरगा घास थांबवून बघायला लागला. काकू म्हणाली, "भिऊ नगस. तितं माजा दत्तू हाय. गाठ पडली तर सांग, आय म्हणली, म्या हितं बंदोबस्त केलाय."

"कसला बंदोबस्त?"

"देव पाण्यात घातल्यात. ते वरचं गाव पडत न्हाई तवर तुमच्यापत्तूर कोन येत न्हाई."

मला वाटलं आता हा हसणार, आणि डब्यातले सगळे हसणार, आणि माझी जरीकाठी अब्रू फलाटावर जाणार. तो हसला नाही. म्हणाला, "मंग मावशी, आमचंबी बगा."

"तुमी समदं त्यातच आलात," काकू म्हणाली आणि पुढच्या खिडकीकडे गेली.

मार्गशीर्ष लागला. वराळ्याहून वडील आले. थोरल्या भावजयीसमोर त्यांचा आवाज निम्मा व्हायचा. ते आबांना बोलले, आबांनी काकूकडे बोट दाखवलं. मग भटजींना बोलावणं गेलं. भटजी समजूतदार होते, त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीला पळवाट असे. ते म्हणाले, "काकू, देव राहू देत पाण्यात. आपण त्यांच्या जागी सुपाऱ्या मांडू. शास्त्राला चालतं."

काकूने मिशेरीचं बोट पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढलं. "देवाच्या जागी सुपारी चालती?"

"चालते."

"मग नवऱ्याच्या जागीबी सुपारीच मांडा. सुदुंबऱ्याच्या लोकांना यायचा ताप न्हाई."

भटजी चहा न घेता गेले. मी दाराआड उभी राहून, सुपारीला माळ घालतानाचं स्वतःचं रूप डोळ्यांपुढे आणून हुंदके देत होते.

मग सुदुंबऱ्याहून निरोप आला. माघातला मुहूर्त चुकला तर आम्ही दुसरी मुलगी बघू. निरोप आणणारा माणूस जेवून, विडा खाऊन गेला. दुसऱ्या सकाळी आबा पेपर घडी घालून आत आले. चेहऱ्यावर केवढा उत्साह! "अगं ऐकलंस का! सुटलं शहर! जर्मन मागं हटले. काढ तुझे देव!"

काकूने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं झालं. च्या टाकू?"

"टाक की."

"काल निम्मा कप पिऊन उठलात. आज टाक म्हणताय?"

"म्हणजे?"

"तुमचं जर्मन कुटं मार खातं त्या दिवशी तुमाला च्या जात न्हाई. पोट दुखतंय म्हणून पडून ऱ्हाता. गेल्या साली थंडीत आठ दिवस पडला व्हतात. आज पोट बरं दिसतंय."

आबांनी पेपर खाली ठेवला. पण एक कबूल करायला हवं. माझ्या लग्नासाठी त्या माणसाने एका सकाळपुरता जर्मनांचा पराभव तोंडाने मान्य केला होता. आबांच्या दृष्टीने यापेक्षा मोठा आहेर त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी मीच काकूच्या पायांशी बसले. बसले कसली, मी पडले. असं पडायचं कसं याचा आदल्या दिवशी सराव केला होता. "काकू, माझं लग्न मोडेल गं."

ती तांदूळ निवडत होती. "मोडलं तर मोडू दे. दुसरं जमंल. सुदुंबऱ्यात काय पोरांचा दुष्काळ हाय? माजा दत्तू येकच हाय."

"तुझा दत्तू तिकडे खजूर खात बसला असेल!" मी किंचाळले.

मला वाटलं आता सूप डोक्यात बसतं. पण काकूने एक खडा वेचून बाजूला टाकला. "खात आसंल तर खाऊ दे. म्हणूनच घातल्यात."

मी उपोषण धरलं. दोन्ही वेळा पानावर बसायला नकार दिला आणि दुपारी सगळे झोपले की फडताळातल्या डब्यातून गूळ-शेंगदाणे खाऊ लागले. माझा उपवास बरेच दिवस टिकला, कारण डबा काही रिकामा होत नव्हता. तो काकू रोज गुपचूप भरून ठेवते, हे मला उपवास सोडल्यावर कळलं. माझ्या सत्याग्रहाचं शेंगदाणा-खातं सरकारच चालवत होतं.

पौषात लोणावळ्याला हाडं वाजायला लागली. विहिरीचं पाणी हाताला चावायचं. काकू रोज पहाटे घंगाळातलं पाणी बदलायची, ताजं, गार. आबा घोंगडीतून म्हणायचे, "अगं, निदान कोमट तरी घाल. देव आहेत ते."

"कोमट पाण्यात कोन काम करतंय?"

पेपरात बातम्या बदलायला लागल्या होत्या. वेढा घालून बसलेल्यांनाच बाहेरून वेढा पडला होता. तिकडे बर्फ पडत होतं, जर्मनांची बोटं गळत होती, खायला घोडे उरले होते तेही संपत आले होते. आबा वाचताना मधेच थांबत. एकदा चिडून म्हणाले, "तुझ्या या घंगाळातल्या गारठ्याने जर्मन सैन्य गारठलं, असं समजायचं का आम्ही?"

"समजा," काकू म्हणाली.

माघ उजाडला. मुहूर्त तोंडावर आला होता. एका सकाळी आबांनी पेपर उघडला, वाचला, आणि चहाची बशी न उचलता पुढे सरकवली. "पोटात जरा..." एवढं म्हणून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी पेपरावर झेप घेतली. पण काकूने पेपराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सरकवलेली बशी पाहिली, उठली, घंगाळाशी गेली आणि बाह्या वर करून हात पाण्यात घातला.

टाक काळेठिक्कर पडले होते. खंडोबाचा घोडा ओळखू येत नव्हता. काकू चिंच घेऊन बसली आणि दुपारपर्यंत घासत राहिली. त्या दिवशी तिने कुणाला जाब विचारला नाही. फक्त एकदा म्हणाली, "लय सोसलंत." देवांशी ती इतक्या मऊ आवाजात बोललेली मी तेवढीच ऐकली.

माझं लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला, मी रिवाजाप्रमाणे मान खाली घातली, आणि समोर भलतेच पाय! रुंद, फुटक्या टाचांचे, अंगठा बाहेर वळलेला. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी मांडवभर शोधलं. माझे ते नितळ पाय मांडवाच्या खांबाशी उभे होते. ते नवऱ्याच्या मामाचे होते. मामा मुंबईत कापडाच्या दुकानात बसायचे. पाय नितळ राहायला दुसरं कारण नव्हतं. म्हणजे ज्या पायांसाठी मी व्होल्गेच्या काठच्या प्रत्येक जिन्यावर रशियनांना ढकलत होते, ते पाय पन्नाशीचे आणि चार मुलांचे बाप होते. फुटक्या टाचांच्या माणसाने पुढे माझ्याशी चांगला संसार केला, हे त्याचं मोठेपण. हा किस्सा त्याला मी साठी उलटल्यावर सांगितला. मामांच्या फोटोकडे तो बराच वेळ बघत बसला.

इकडे काकू निश्चिंत झाली होती. गाव राहिलं, आता दत्तूला भय नाही. आणि त्याच वर्षी दत्तूच्या पलटणीला इराणातून उचलून इटलीत लढाईवर नेलं.

मी माहेरपणाला लोणावळ्याला आले तेव्हा देव देवघरातच होते, पुसलेले, कुंकू लावलेले. मला नवल वाटलं. "काकू, या वेळी पाण्यात नाही घातले?"

ती ताम्हन पुसत होती. "न्हाई."

"का गं?"

"मागल्या येळी म्या त्यांना गाव सांगितलं. त्यांनी गाव राखलं. त्यांची काय चूक? पोरगं घरला यावं, असं म्या म्हणलंच न्हाई."

"मग आता म्हण."

"आता कोनत्या त्वांडानं म्हणू? येवढं बुडवलं. जरा दम खाऊ दे त्यांना."

दत्तू लढाई संपल्यावर परत आला. डावा हात इटलीतल्या एका नदीच्या काठी राहिला. काकूने त्याला दारात ओवाळलं, रिकाम्या बाहीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्याला घरात घेतलं.

काकू जाऊन आता फार वर्षं झाली. शेवटी तिला फारसं ऐकू यायचं नाही, त्यामुळे देवांशी बोलणं आणखी मोठ्याने चाले. पण तिची आठवण निघाली की मला सगळ्यांत आधी दत्तू परतल्यानंतरचं एक जेवण आठवतं. आबा, दत्तू, मी आणि माझा नवरा पंगतीला होतो. काकू वाढत होती. देव पाण्यात घातल्याचं दत्तूला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गोष्टीवर हसू येईना झाल्यापासून घरात ती कुणी काढत नसे.

दत्तू मजेत होता. आबांना म्हणाला, "खरं सांगू आबा, इराणात आमची चैन होती. तिकडं वर रशियात ते शहर लढत होतं ना, तोवर आम्हाला कोणी हलवेना. जर्मन खाली आलाच तर अडवायला आम्हाला तिथं बसवलेलं. तो काही येईना. सकाळी परेड, दुपारी पत्ते. मग ते शहर जिंकलं आणि साहेब म्हणाला, आता इथं तुमचं काम नाही, चला इटलीला." तो हसला. "अजून वर्षभर लढलं असतं तर हात शाबूत राहिला असता."

आबांनी खाकरून पाण्याचा तांब्या उचलला. मी पानात बघत होते. ते शहर लवकर सुटावं म्हणून माझ्याएवढी घाई घरात कुणाला नव्हती. काकूच्या हातातला पळा वर राहिला होता. मला वाटलं, आता ही देवांवर उठणार. किंवा आबांच्या त्या टिंबावर. किंवा माझ्यावर, आणि ते सगळ्यांत योग्य झालं असतं.

तिने दत्तूच्या पानात भात वाढला, आळं केलं, आमटी घातली, आणि एका हाताने त्याला कालवायला जड जातं म्हणून स्वतःच कालवून दिला. मग ती खाली बसली. पंगत उठायच्या आत काकू बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"दत्तू, त्या गावात बायका व्हत्या का रं?"

"कुठल्या गावात?"

"ज्याचं बोललास त्या."

"असणारच की आई. एवढं मोठं शहर. सगळी कुठं बाहेर निघाली असतील?"

"पोरंबी?"

"पोरंही असणार."

"आन बाजार?"

"बाजार कसला! घरंच उरली नव्हती म्हणे."

ते शहर काकूने पाच-सहा महिने घरात ठेवलं होतं, रोज पहाटे त्याचं पाणी बदललं होतं. आबांनी ते इंग्रजांवरचा राग काढायला वापरलं, मी लग्नासाठी वापरलं.

"मग त्या बायका पोरांना काय घालीत व्हत्या?" काकूने विचारलं.

दत्तूला माहीत नव्हतं. आबांना माहीत नव्हतं. पेपर रोज मी आधी वाचायची, मलाही माहीत नव्हतं. कुणीतरी सांगेल म्हणून काकू एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. आम्ही मान खाली घालून जेवत राहिलो.